आजऱ्याकडचा जांभ्या माळ: काजू, मिरी, अवोकॅडो लावण्याआधी जमीन कशी तपासायची?

माळावरचा
राम राम मंडळी. आजरा तालुक्यात साडेचार एकरांचा डाग आहे. वरचा टप्पा जांभ्याचा माळ, मधला तांबड्या मातीचा उतार, तळाला ओढ्याला लागून अर्धा एकर भाताची खाचरं. वर आजवर नाचणी आणि गवत सोडून काही घेतलेलं नाही. काजू आणि मिरी लावायचा विचार आहे, त्यात धाकट्या भावाच्या डोक्यात अवोकॅडो शिरलंय.

माती तपासून आणली. सामू (पीएच) ५.२, विद्युत वाहकता (क्षारांचं माप) ०.०८, सेंद्रिय कर्ब ०.९५ टक्के, स्फुरद कमी, पालाश मध्यम. खाली शिफारस म्हणून भाताची खतमात्रा छापून आलीय. यावरून बाग होईल की नाही हे कसं ओळखायचं? रोपांची ऑर्डर देण्याआधी आणखी काय बघायला हवं?

पहार-टिकाव
पहिलं सांगा, नमुना तिन्ही टप्प्यांची माती एकत्र करून दिलाय का? तसं असेल तर तो रिपोर्ट तुमच्या कुठल्याच टप्प्याचा नाही. मातीचा रंग, उतार किंवा खोली बदलली की नमुना वेगळा, हा नियम.

दुसरं, तो रिपोर्ट वरच्या २०-२२ सेंमीचा आहे. त्यातून खताचा हिशेब निघतो, बागेचा नाही. काजूचं झाड ३० वर्षं उभं राहणार का, हे त्याखालचं मीटरभर ठरवतं आणि ते खड्डा काढल्याशिवाय कळत नाही.

एप्रिल-मेमध्ये प्रत्येक टप्प्यात निदान दोन खड्डे काढा. १ मीटर लांब, १ मीटर रुंद, १.२ मीटर खोल, नाहीतर कातळ लागेपर्यंत. एक भिंत उन्हाकडे ठेवा. टिकावाच्या घावानं माती चोपली जाते आणि थर दिसत नाहीत, म्हणून ती भिंत वरून खाली चाकूनं खरवडा आणि थोडं पाणी शिंपडा. रंग उठून येतात. मग हे बघा.

तळ कसला आहे? मुरूम असेल आणि चाकूच्या टोकानं उकरता येत असेल तर मुळं त्यात शिरतात, त्याला खोलीत धरा. जांभ्याची सलग थाळी असेल तर तिथं खोली संपली. जांभा फुटका असेल, भेगांत माती आणि जुन्या झुडपांची मुळं दिसत असतील, तर काजू चालून जातो. हे सगळं फुकटात बघायचं तर जवळ चिऱ्याची खाण किंवा रस्त्याची कापलेली दरड असेल तिथं जाऊन उभं राहा. ऐन-जांभळाची मुळं किती खाली गेलीत ते डोळ्यासमोर असतं.

रंग कुठं बदलतो? एकसारखी तांबडी माती म्हणजे हवा खेळते. राखाडी किंवा निळसर मातीत गंजासारखे नारिंगी ठिपके दिसले तर पावसाळ्यात तिथं पाणी आठवडेच्या आठवडे थांबतं. मे महिन्यात खड्डा कोरडाठाक असला तरी हे ठिपके जात नाहीत, म्हणून उन्हाळ्यातसुद्धा पावसाळी पाण्याची पातळी वाचता येते. फक्त जांभ्याच्या मातीत कडक तपकिरी-काळ्या गोळ्या सगळीकडे असतात, त्यांना घाबरू नका. आजूबाजूची माती राखाडी आहे की तांबडी एवढंच बघा.

दगड किती? हे बहुतेकजण सोडून देतात. खड्ड्यातली एक घमेलं माती २ मिमीच्या चाळणीतून काढा आणि वर राहिलेले खडे वेगळे मोजा. हिशेब असा: मध्यम पोताची माती मीटरभर खोलीत झाडाला उपयोगी पडेल असं साधारण १५० मिमी पाणी धरते. तुमची माती ४५ सेंमी असेल तर ६७ मिमी. त्यात निम्मे खडे असतील तर राहिले ३३-३४ मिमी. उन्हाळ्यात झाड आणि जमीन मिळून दिवसाला ४-५ मिमी पाणी उडतं, म्हणजे आठवड्यात टाकी रिकामी. वरच्या माळावर पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपं का मरतात त्याचं उत्तर बहुतेक वेळा या गणितात असतं, खतात नव्हे.

शेवटी पाणी मुरण्याची चाचणी. ३० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल खड्डा घ्या. आदल्या दिवशी काठोकाठ भरून मुरू द्या. ही पायरी गाळली की कोरडी माती पाणी ओढून घेते आणि आकडा खोटा येतो. दुसऱ्या दिवशी परत भरा, आडवी काठी ठेवून तिच्यापासून पाणी दर तासाला किती उतरलं ते पट्टीनं मोजा. तासाला २.५ ते ७.५ सेंमी म्हणजे उत्तम. १ सेंमीच्या आत असेल तर गादीवाफा आणि चर काढल्याशिवाय अवोकॅडोचं नाव काढू नका. १५ सेंमीच्या वर गेलं तर निचरा भारी, पण पाणी आणि खत दोन्ही थोडं-थोडं आणि वरचेवर द्यावं लागेल.

नळी-पट्टी
वरच्यांनी मातीचं सांगितलंय, मी उतार आणि पाण्याचं सांगतो.

उतार डोळ्यानं मोजू नका, डोळा नेहमी जास्त दाखवतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी आणि दोन पट्ट्या घ्या. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, तेवढं बघा. २० मीटर अंतरात ३ मीटर उतरलं तर उतार १५ टक्के. साधारण ३ टक्क्यांपर्यंत काहीही करा. ३ ते १० मध्ये ओळी समपातळीवर. १० च्या वर सलग नांगरट बंद, प्रत्येक झाडाला अर्धचंद्राकृती ताल (मातीचा छोटा बांध) आणि मधल्या पट्ट्यात गवत राखायचं. आजरा-चंदगड पट्ट्यात जूनच्या पहिल्या वळिवासारख्या पावसात उघडी नांगरट ओघळीतून ओढ्याला जाते, आणि जाते ती वरची ०.९५ कर्बाचीच माती.

कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला ५००० मिमीच्या घरात पाऊस आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळं ‘कोल्हापूरला अमुक पीक येतं’ या वाक्याला अर्थ नाही. आपल्या महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचे आकडे कृषी सहायकाकडून घ्या.

पाण्याचं माप एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या मध्याला घ्या, जानेवारीत नाही. रानात झरा असेल तर त्याच्याखाली २०० लिटरचं बॅरल ठेवून घड्याळ लावा. ४० मिनिटांत भरलं तर मिनिटाला ५ लिटर, दिवसाला ७२०० लिटर. काजू ७×७ मीटरवर एकरी ८२ झाडं बसतात. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला एका वेळी १५ लिटर धरलं तर एकराची एक पाळी १२३० लिटरची. म्हणजे असला बारका झराही काजूला पुरून उरतो. अवोकॅडोला मात्र फळं वाढत असतानाच उन्हाळा गाठतो आणि त्याची मुळं उथळ. मोठ्या झाडांच्या बागेला हा झरा पुरणार नाही.

माळावरचा
नमुना मधल्या आणि वरच्या टप्प्याचा एकत्रच दिला होता. खड्डे काढतो. सामू ५.२ साठी चुना घालावा का? दुकानदार म्हणतो एकरी टनभर टाका.

सामूवाला
एकरी टन हा आकडा दुकानदाराच्या गोदामातून आलाय, मातीतून नाही. सामू किती आहे यावर चुना ठरत नाही, माती सामू बदलायला किती विरोध करते यावर ठरतो. ५.२ चीच वाळूसर माती थोड्या चुन्यात हलते, चिकणमातीला त्याच्या कितीतरी पट लागतो. प्रयोगशाळेत ‘चुन्याची गरज’ ही वेगळी चाचणी मागा. साध्या तपासणीत ती नसते.

आणि चुना कुणासाठी? काजूला ५ ते ६.५ सामू चालतो, त्याच्यासाठी माळभर चुना पसरणं म्हणजे पैसे ओतणं. मिरी आणि अवोकॅडोला ५.५ ते ६.५ हवा. ५.५ च्या खाली मातीतलं ॲल्युमिनियम सुटं होऊन मुळांची टोकं आखडतात, म्हणून त्या दोघांच्या खड्ड्यांपुरती दुरुस्ती करा. बारीक दळलेली चुन्याची भुकटी किंवा डोलोमाइट घ्या. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियमही मिळतं, जे धुपलेल्या जांभ्या मातीत कमीच असतं. घराला लावायचा कळीचा चुना नको, तो मुळं भाजतो. चुना खड्ड्याच्या मातीत सारखा मिसळा, वर भुरभुरून सोडलेला खाली उतरायला वर्षं लागतात. युरिया, अमोनियम सल्फेट किंवा सुपर फॉस्फेट चुन्याबरोबर एकाच दिवशी टाकू नका. पहिल्या दोघांतला अमोनिया उडून जातो, तिसऱ्यातला स्फुरद अडकतो. मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या.

स्फुरदाचं आणखी एक. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत स्फुरद सहसा ओल्सन पद्धतीनं काढतात. ती तटस्थ आणि विम्ल (आम्लाच्या उलट, जास्त सामूच्या) जमिनींसाठी बनलेली. आम्ल मातीला ब्रे पद्धत लागते. तुमचा ‘कमी’ खरा असण्याचीच शक्यता जास्त, कारण जांभ्या मातीतलं लोह-ॲल्युमिनियम स्फुरद घट्ट धरून ठेवतं, पण पुढच्या नमुन्याबरोबर ‘सामू सहाच्या खाली आहे, ब्रेनं काढा’ असं लिहून द्या. अशा मातीत रॉक फॉस्फेट चांगलं चालतं, आम्लपणाच ते विरघळवतो. तेच खत शिरोळच्या काळ्या चुनखडीच्या रानात टाकलं तर तसंच पडून राहतं.

कर्ब ०.९५ बघून हुरळून जाऊ नका. ओल्या, आम्ल मातीत पालापाचोळा लवकर कुजत नाही म्हणून आकडा मोठा दिसतो. पहिल्या वर्षी नत्र त्यातून फारसं हाताला लागत नाही.

नमुना परत देणारच आहात तर नीट द्या. फळबागेसाठी ० ते ३०, ३० ते ६०, ६० ते ९० सेंमी अशा तीन पिशव्या, खड्ड्याच्या भिंतीवरून, खालच्या थरापासून सुरुवात करून, म्हणजे वरची माती खालच्यात पडत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यं बघायची असतील तर जस्ताचं पाणी दिलेलं घमेलं किंवा बादली वापरू नका, जस्त फुकटात वाढून येतं. सावलीत वाळवा, अर्धा किलो पुरे. बांधाकडेला, शेणखताच्या ढिगाखाली, गुरं बसतात तिथं नमुना नको. खत टाकलं असेल तर दोन-अडीच महिने थांबा.

नदीकाठची काळी
विषय चाललाय म्हणून इथंच विचारतो. शिरोळ तालुका, दोन एकर काळं रान. ऊस खुंटतोय, उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटतं. सामू ८.४, वाहकता १.६. ऊस काढून पपई किंवा केळी करावी म्हणतोय. जिप्सम टाकून चालेल का?

निचरा
थांबा. जिप्समच्या आधी दोन गोष्टी.

तुमची १.६ वाहकता मातीच्या १:२.५ द्रावणाची (एक भाग माती, अडीच भाग पाणी) असणार. पिकांच्या सहनशक्तीचे तक्ते संपृक्त अर्काच्या (पाण्यानं पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याच्या) वाहकतेवर असतात आणि भारी जमिनीत ती साधारण तिप्पट निघते. म्हणजे तुम्ही ५ डेसीसायमनच्या (वाहकतेचं एकक) आसपास आहात. उसाचं उत्पादन १.७ पासून घसरायला लागतं, पुढं प्रत्येक डेसीसायमनला जवळपास ६ टक्के. ५ ला वीसेक टक्के घट धरा. केळी आणि पपई तर क्षाराला उसापेक्षाही नाजूक, त्यामुळं तो बेत सोडा.

आता जमीन क्षारयुक्त आहे की चोपण (सोडियमनं बिघडलेली), हे ठरवा. संपृक्त अर्काची वाहकता ४ च्या वर, विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून बसलेला) सोडियम १५ टक्क्यांच्या आत आणि सामू ८.५ च्या खाली, तर क्षारयुक्त. सोडियम १५ च्या वर आणि सामू ८.५ च्या वर, तर चोपण. वाहकता आणि सोडियम दोन्ही वाढलेले असतील तर क्षारयुक्त-चोपण. जिप्सम हे सोडियमवरचं औषध आहे. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत जिप्सम म्हणजे मिठात आणखी मीठ.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर मटाराएवढं सुकं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा बॅटरीत भरायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. दोन तासांनी ढेकळाभोवती दुधाळ वलय उठलं तर सोडियमचा त्रास आहे. ढेकूळ फुटलं, पण पाणी नितळ राहिलं तर माती फक्त विस्कटली, सोडियम कमी. ही चाचणी विहिरीच्या खाऱ्या पाण्यात करू नका, क्षार मातीला धरून ठेवतात आणि चोपण जमीनसुद्धा चांगली दिसते.

दुसरं, भूजल कुठं आहे? २ मीटरची प्लास्टिक नळी घ्या, तळाच्या अर्ध्या मीटरला भोकं पाडा, भोवती जाड वाळू भरून रानात पुरा. तोंडाला टोपण लावा आणि दर पंधरवड्याला आत टेप सोडून पाणी मोजा. पाणी दीड मीटरच्या आत राहत असेल तर काळ्या मातीतून ते वर चढत राहणार आणि मीठ वर आणत राहणार. वरून काहीही टाका, निचरा झाल्याशिवाय उपयोग नाही.

भूमिगत सच्छिद्र पाइप १ ते १.२ मीटर खोलीवर घालतात, दोन ओळींतलं अंतर जमिनीच्या पाझरावर ठरतं. खरी अडचण पाण्याच्या वाटेची. तुमच्या दोन एकरातलं पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यावं लागतं, म्हणून हे काम गटानं केलं तरच टिकतं. सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र याच जमिनींवर काम करतं, आराखडा करण्याआधी तिथं जाऊन या. पाट पाणी सोडून ठिबक घेतलं तर भूजलात भर घालणारं पाणी थांबतं. पाइपाचे पैसे जमेपर्यंत एवढं तरी करा, धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) गाडा आणि विहिरीचं पाणी तपासून घ्या. वाहकता ०.७५ पर्यंत बिनधास्त, २.२५ च्या वर भारी जमिनीला नको. पाण्यातला उरलेला सोडियम कार्बोनेट (रिपोर्टवर आरएससी) २.५ च्या वर असला तर त्या पाण्यानं चांगलं रानही चोपण होतं.

आणि नदीकाठ म्हणताय तर निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्यात चार दिवस उभी राहिलेली पपई परत उभी राहत नाही.

उताऱ्यावरचा
जमिनीबरोबर कागदही बघा, विशेषतः आजऱ्याच्या ‘माळावरचा’नं. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) असेल तर विक्रीला आणि काही वेळा कर्जाला परवानगी लागते. पोटखराबा अ म्हणजे खडक-माळामुळं पडीक धरलेलं क्षेत्र, ते लागवडीखाली आणून तशी नोंद करून घेता येते. पोटखराबा ब ओढा-रस्त्याचा असतो, तिथं झाड लावू नका. इतर हक्कांत वनसंज्ञेचा (जमीन वन म्हणून धरल्याचा) उल्लेख आहे का तेही तपासा, नंतर एक फांदी तोडायला हेलपाटे पडतात.

आणि गवे! राधानगरी-भुदरगड-आजरा पट्ट्यात गवा, चंदगड-आजऱ्यात हत्तीसुद्धा. कुंपणाचा खर्च न धरलेलं लागवडीचं अंदाजपत्रक कागदावरच छान दिसतं. गवे काजूची कोवळी शेंडी खातात आणि नवीन रोपाला अंग घासून मोडतात. आतली फळं कुठलीही असोत, कुंपण आधी.

माळावरचा
खड्डे काढले. वर: ३५ सेंमी खडेवाली माती, खडे निम्मे, खाली जांभा. एका खड्ड्यात तो फुटका, दुसऱ्यात सलग. मध्ये: ११० सेंमीपर्यंत तांबडी चिकण-पोयटा, ठिपके नाहीत, पाणी तासाला ६ सेंमी उतरतं, उतार ८ टक्के. खाली: ४० सेंमीवर राखाडी माती, नारिंगी ठिपके. मेमध्ये झरा मिनिटाला ५ लिटरच. काजू-मिरीचं काय ते सांगा, अवोकॅडोबद्दल भावाला मीच समजावतो.

पहार-टिकाव
समजावायचं काही नाही, अवोकॅडोची जागा सापडलीय, फक्त ती छोटी आहे.

मधल्या टप्प्यात झऱ्याच्या हिशेबानं सुरुवातीला २०-२५ अवोकॅडो बसवा, त्यापेक्षा जास्त नको. निचरा चांगला असला तरी तुमच्याकडचा जुलै-ऑगस्ट बघता कलमं ५०-६० सेंमी उंच, दीड-दोन मीटर रुंद उंचवट्यावरच लावा. मूळकुजीची फायटोप्थोरा बुरशी पाणी साचलेल्या एका आठवड्यातच काम उरकते. उंचवट्याची माती त्याच टप्प्यातली घ्या, खाचरातली गाळमाती वर आणू नका. तिच्याबरोबर बुरशीही येते.

त्याच टप्प्याच्या उरलेल्या भागात काजू, कलमं वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, ७×७ मीटरवर. वाऱ्याच्या बाजूला सिल्व्हर ओकच्या ओळी घ्या आणि मिरी त्यांच्यावर चढवा. मिरीचा खड्डा आधाराच्या झाडापासून ३० सेंमीवर, उत्तरेच्या अंगाला, म्हणजे दुपारचं ऊन थेट वेलीवर येत नाही. ओक चांगला उंच झाल्याशिवाय वेल लावायची घाई नको.

वरच्या टप्प्यात जिथं जांभा फुटका आहे तिथंच काजू. सलग कातळात पहारीनं खड्डा खणला तर पावसाळ्यात ती पाणी भरलेली कुंडी होते आणि रोप सप्टेंबरपर्यंत पिवळं पडतं. खणायचाच असेल तर खड्ड्याच्या उताराकडच्या काठाला तळापर्यंत चीर पाडून पाण्याला वाट द्या. पण हा खर्च मला तरी पटत नाही. तिथं गवत राखा, सपाट भागात नाचणी चालू ठेवा.

खाचराला हात लावू नका. ४० सेंमीवरचे ठिपके सांगतायत की ती भाताचीच जमीन आहे. घनसाळ (आजऱ्याचं सुवासिक भात) तिथं जशी येते तशी मधल्या टप्प्यात येणार नाही.

नळी-पट्टी
एक भर. काजूच्या मोहराला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी धुकं कुठं रेंगाळतं ते येत्या हिवाळ्यात बघून ठेवा. ओढ्याकडच्या बाजूला धुकं उशिरा उठतं, मोहर ओला राहतो आणि ढेकण्याचा (मोहराचा रस शोषणारा किडा) त्रास तिथंच जास्त होतो. मधल्या टप्प्याच्या खालच्या दोन ओळी त्यात येत असतील तर तिथं काजूऐवजी मिरीचे आधार धरा. आणि खड्डे आत्ताच बुजवू नका. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडून उघडला की दोन दिवसांनी कोणत्या खड्ड्यात किती पाणी उरलंय ते काठीनं मोजा. मधल्या टप्प्यात ६० सेंमीच्या वर पाणी दिसलं तर अवोकॅडोची ऑर्डर पुढं ढकला. भोवती काट्या लावून ठेवा, गुरं पडतात.